डी ड्राइव्हची तपासणी थांबेना, आणि दोष अपडेटचा नव्हता

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात आमचे ड्रॉइंगचे छोटे कार्यालय आहे. आसपासच्या फाउंड्र्यांना लागणाऱ्या पॅटर्नची, म्हणजे ज्यांच्यावरून वाळूत साचा घेऊन ओतकाम करतात त्या नमुन्यांची, रेखाचित्रे आम्ही संगणकावर तयार करतो. पंपाची केसिंग, व्हॉल्व्हच्या बॉड्या, ट्रॅक्टरचे सुटे भाग अशी गेल्या बारा वर्षांतली सगळी चित्रे एकाच संगणकावर आहेत. त्याच्या सी ड्राइव्हवर, म्हणजे एसएसडीवर, विंडोज आहे आणि चित्रे असलेला डी ड्राइव्ह ही एक टेराबाइटची, फिरत्या तबकड्यांची जुनी हार्ड डिस्क आहे. यंदाच्या जून महिन्यात या डी ड्राइव्हने आम्हाला जे तीन आठवडे गुंतवून ठेवले, त्याची हकिगत सविस्तर लिहून ठेवावी असे वाटले, कारण शोधताना मला मिळालेले बहुतेक सल्ले तपासणी बंद कशी करावी एवढेच सांगणारे होते आणि ती का होते आहे याकडे फारसे कोणी वळत नव्हते.

विंडोजचे मासिक अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी निघते. अमेरिकेत तेव्हा सकाळ असते आणि आपल्याकडे रात्र झालेली असते, त्यामुळे कार्यालयात ते बुधवारी सकाळी उतरते. त्या बुधवारी अपडेट बसले, संगणक रीस्टार्ट झाला आणि नेहमीच्या पडद्याऐवजी काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत सूचना आली, की डी ड्राइव्हची तपासणी करायची असून ती टाळायची असल्यास काही सेकंदांत कोणतीही कळ दाबावी. कार्यालयातल्या मुलाला दहा वाजता एका फाउंड्रीला चित्र पाठवायचे होते. त्याने कळ दाबली, संगणक सुरू झाला आणि काम पुढे सरकले. त्या आठवड्यात अपडेटचे उरलेले भाग बसवण्यासाठी संगणक आणखी तीन-चार वेळा रीस्टार्ट करावा लागला आणि प्रत्येक वेळी तीच सूचना आली. शेवटी तो माझ्याकडे येऊन म्हणाला, “काका, ते अपडेट केल्यापास्नं असं व्हायलंय बघा. काढून टाकू या का?”

मलाही तेव्हा तसेच वाटले. जी गोष्ट काल नव्हती आणि आज आहे, तिचा दोष आपण मधल्या रात्री घडलेल्या गोष्टीला देतो. आम्ही अपडेट काढून टाकले आणि सूचना तरीही आली. मग एका दुरुस्तीवाल्याला बोलावले. त्याने पाच मिनिटांत एक आज्ञा टंकित केली, संगणक दोनदा रीस्टार्ट करून दाखवला आणि सूचना येणे खरोखरच थांबले. त्याला पैसे देऊन पाठवल्यावर मात्र माझे मन स्वस्थ बसेना. ओतीव भागात ब्लोहोल निघाले, म्हणजे आत हवेचे भोक राहिले, तर तपासनीस त्या कास्टिंगवर खडूने खूण करतो. खूण पुसली म्हणून भोक बुजत नाही, हे आमच्या गल्लीतल्या कोणत्याही कामगाराला सांगावे लागत नाही. दुरुस्तीवाल्याने खूण तरी पुसली होती का, हे मला त्या दिवशी माहीत नव्हते. पुढे कळले, की त्याने तीही पुसली नव्हती. त्याने फक्त तपासनीसाला त्या कास्टिंगकडे पाहू नकोस असे सांगितले होते.

येथे थोडे खोलात जावे लागेल. विंडोज ज्या पद्धतीने डिस्कवर फाइली मांडते तिला एनटीएफएस म्हणतात आणि ती 1993 साली विंडोज एनटीबरोबर आली. या मांडणीत प्रत्येक ड्राइव्हवर एक लहानशी खूण असते, जिला डर्टी बिट म्हणतात. फाइलींच्या नोंदवहीत काही विसंगती आढळली, म्हणजे एखादी जागा दोन फाइलींच्या नावावर दिसली किंवा एखादी नोंद वाचताच आली नाही, की विंडोज ही खूण करून ठेवते. पुढच्या खेपेस संगणक सुरू होताना, आपले नाव विचारणारा पडदा येण्यापूर्वीच, ऑटोचेक नावाचा छोटा प्रोग्राम सगळ्या ड्राइव्हवरील खुणा पाहतो आणि जिथे ती दिसेल तिथे तपासणी सुरू करतो. तपासणी पूर्ण होऊन दुरुस्ती झाली की खूण पुसली जाते. आपण कळ दाबून तपासणी टाळली, तर खूण तशीच राहते आणि पुढच्या वेळी सूचना पुन्हा येते. आमचा मुलगा आठवडाभर नेमके हेच करत होता. दर रीस्टार्टला टाळली म्हणूनच ती दर रीस्टार्टला येत होती.

एक गैरसमज येथेच दूर करायला हवा. वीज गेली किंवा कोणी बोर्डाचे बटण बंद केले म्हणून एनटीएफएसच्या ड्राइव्हवर ही खूण होतेच असे नाही. एनटीएफएस प्रत्येक बदल करण्यापूर्वी त्याची नोंद एका रोजनिशीत करते आणि मध्येच वीज गेली तर पुढच्या वेळी त्या रोजनिशीवरून अर्धवट राहिलेले बदल पुरे करते किंवा मागे घेते. हे काम काही क्षणांत होते आणि आपल्याला ते कळतही नाही. पेन ड्राइव्हवर सहसा असलेल्या फॅट32 पद्धतीत अशी रोजनिशी नसते, म्हणून ते न सांगता काढले की पुढच्या वेळी तपासणीची विचारणा होते. आमच्याकडे पावसाळ्यात वीज वरचेवर जाते म्हणून मी आधी तिच्यावर संशय घेतला होता. पण रोजनिशी असलेल्या ड्राइव्हवर खूण पुन:पुन्हा होत असेल, तर कारण दुसरीकडे असण्याची शक्यता अधिक, हे लक्षात आल्यावर माझ्या शोधाची दिशा बदलली.

खूण आहे की नाही हे पाहणे अगदी सोपे आहे. कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टंकित करण्याची विंडोजची खिडकी, प्रशासकाच्या अधिकाराने उघडावा आणि ‘सीएचकेएनटीएफएस डी:’ ही आज्ञा द्यावी. अर्थात अक्षरे इंग्रजीत, पहिला शब्द सलग आणि त्यानंतर एक जागा सोडून ड्राइव्हचे अक्षर. ‘एफएसयूटिल डर्टी क्वेरी डी:’ या आज्ञेनेही तेच उत्तर मिळते. या दोन्ही आज्ञा केवळ विचारतात, काहीही बदलत नाहीत, त्यामुळे त्या निर्धास्तपणे द्याव्यात. आमच्या संगणकाने उत्तर दिले, की डी ड्राइव्ह डर्टी आहे. सूचना थांबून आठ दिवस झाले होते, आम्ही रोज त्याच ड्राइव्हवर नवी चित्रे साठवत होतो आणि खूण जागच्या जागी होती. दुरुस्तीवाल्याने ‘सीएचकेएनटीएफएस’ला ‘तिरकी रेघ एक्स’ हा पर्याय जोडून डी ड्राइव्हला तपासणीतून वगळले होते.

हे वाचल्यावर माझा पहिला विचार तपासणी चालवण्याचा होता आणि तो मी महत्प्रयासाने दूर ठेवला. तपासणी करणारा प्रोग्राम नोंदवही सुसंगत करतो. आपली फाइल वाचवणे हे त्याचे काम नव्हे. ज्या तुकड्यांचा मालक सापडत नाही ते तो एका वेगळ्या फोल्डरमध्ये निनावी ठेवून देतो आणि त्यातून बारा वर्षांपूर्वीच्या केसिंगचे चित्र शोधून काढणे हे आपल्या नशिबावर असते. म्हणून त्या शनिवारी दुपारी काम थांबवून डी ड्राइव्हवरचे सगळे एका बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून घेतले. सुमारे पाच तास लागले. दोन फाइलींवर नक्कल अडखळली, त्यांची नावे वहीत लिहून ठेवली आणि बाकीचे सगळे हाती आल्यावरच पुढचे पाऊल टाकले. या लेखातले दुसरे काहीही करायचे नसेल तरी चालेल, पण ही नक्कल मात्र आधी करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

मग ‘तिरकी रेघ डी’ या पर्यायाने वगळण्याची व्यवस्था रद्द करून मूळ स्थिती आणली, संगणक रीस्टार्ट केला आणि कोणीही कळेला हात लावायचा नाही असे ठरवून चहा मागवला. तपासणी तीन टप्प्यांत झाली. पहिल्यात फाइलींच्या नोंदी, दुसऱ्यात नावांच्या सूची आणि तिसऱ्यात कोणाला कशावर अधिकार आहे याच्या नोंदी पाहिल्या जातात. चाळीस मिनिटांनी संगणक नेहमीसारखा सुरू झाला. तपासणीत काय आढळले हे पडद्यावर वाचायची सवड मिळत नाही, पण ते हरवतही नाही. इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे घडामोडींच्या नोंदी दाखवणारा विंडोजचाच प्रोग्राम, उघडून विंडोज लॉग्जमधील ॲप्लिकेशन या भागात ‘विनइनिट’ या उगमाची, 1001 क्रमांकाची नोंद शोधली की तपासणीचा संपूर्ण वृत्तांत तिथे असतो. आमच्या वृत्तांतात काही सूचींची दुरुस्ती झाल्याचे लिहिले होते. नक्कल करताना अडखळलेली एक फाइल आता उघडली, दुसरी मात्र गेली ती गेलीच.

याच सुमारास मला एका कोड्याचे उत्तर मिळाले. संध्याकाळी शट डाऊन करून सकाळी सुरू केले तर सूचना येत नसे आणि दिवसा रीस्टार्ट केले की हमखास येत असे, हे मुलाने पहिल्याच आठवड्यात सांगितले होते आणि मी ते मनावर घेतले नव्हते. विंडोज 8 पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आहे. ती चालू असली, की शट डाऊन केल्यावर विंडोजचा गाभा खऱ्या अर्थाने बंद होत नाही. त्याची त्या वेळची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते आणि सकाळी तीच परत उचलली जाते. त्यामुळे सुरुवातीच्या पायऱ्या आणि त्यांतली ऑटोचेकची पायरीही टळते. रीस्टार्टमध्ये मात्र सगळे पहिल्यापासून सुरू होते. म्हणजे खूण केव्हाची तरी झालेली असावी, आम्ही रोज शट डाऊन करत असल्यामुळे ती पाहिली जात नसावी आणि अपडेटने रीस्टार्ट घडवल्यावर ती प्रथम दिसली असावी. अपडेटने फक्त दार उघडले होते. मुलाचे निरीक्षण अचूक होते आणि ते त्याच दिवशी ऐकले असते, तर तीन आठवड्यांतले निदान दोन वाचले असते.

मी फास्ट स्टार्टअप बंद केले. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवरचे बटण काय करते हे ठरवण्याच्या पानावर तो पर्याय असतो. एसएसडीवर विंडोज असल्याने संगणक सुरू व्हायला लागणारा वेळ काही सेकंदांनीच वाढला. आता रोज सकाळी खरी सुरुवात होणार होती आणि खूण झाली तर त्याच दिवशी कळणार होते. चार दिवस काही झाले नाही. पाचव्या दिवशी सूचना पुन्हा आली.

आता मी इव्हेंट व्ह्यूअरमधील सिस्टम हा भाग उघडला, जो खरे तर पहिल्या दिवशीच उघडायला हवा होता. तिथे ‘एनटीएफएस’ या उगमाची 55 क्रमांकाची नोंद म्हणजे फाइलींच्या मांडणीत बिघाड आढळल्याची नोंद. ती आमच्याकडे पाच-सहा वेळा होती आणि तिच्या अलीकडे-पलीकडे ‘डिस्क’ या उगमाची 153 क्रमांकाची नोंद होती, जिचा अर्थ असा, की डिस्ककडे पाठवलेले काम पहिल्या खेपेस झाले नाही आणि ते पुन्हा करावे लागले. सर्वांत जुनी नोंद पाहिली तेव्हा सगळे चित्र एकदम उलगडले. ती मे महिन्याच्या अखेरची होती, अपडेटच्या जवळजवळ दोन आठवडे आधीची, आणि तिच्या आदल्याच दिवशी आम्ही स्वतः कॅबिनेट उघडून रॅम वाढवली होती.

हार्ड डिस्क स्वतःच्या प्रकृतीच्या काही नोंदी आत ठेवते, त्यांना स्मार्ट म्हणतात, आणि त्या वाचून दाखवणारे प्रोग्राम फुकट मिळतात. त्यांत बऱ्याच ओळी दिसल्या तरी घाबरून जाऊ नये. माझ्या मते घरच्या माणसाने तीन ओळी पाहाव्यात. 05 या क्रमांकापुढे खराब झाल्यामुळे बदलून घेतलेल्या जागांची संख्या असते. सी5 या क्रमांकापुढे वाचता न आलेल्या, अजून निकाल न लागलेल्या जागांची संख्या असते. या दोन ओळींतले आकडे वाढत असतील तर तबकडीच झिजत आहे असे समजावे आणि नवी डिस्क आणावी. तिसरी ओळ सी7, म्हणजे डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवर माहिती किती वेळा बिघडली त्याची गणती. आमच्या डिस्कच्या पहिल्या दोन ओळींत शून्य होते आणि तिसऱ्या ओळीत आकडा चार अंकी होता. तबकडी ठणठणीत होती, बिघाड वाटेत होता.

कॅबिनेट उघडले. डी ड्राइव्हला मदरबोर्डाशी जोडणारी साटा केबल, लाल रंगाची, पकड नसलेली साधी केबल, रॅम बसवताना हाताचा धक्का लागून मदरबोर्डाच्या बाजूने किंचित तिरकी झाली होती. पूर्ण निघाली असती तर ड्राइव्ह दिसलाच नसता आणि आम्हाला त्याच दिवशी कळले असते. शेजारच्या शेडमध्ये दिवसभर लेथ आणि ग्राइंडर चालतात, त्यांची थरथर आमच्या टेबलापर्यंत पोहोचते, आणि त्या थरथरीत ही केबल मधूनमधून संपर्क सोडत असावी असा माझा अंदाज आहे. दोन्ही टोकांना धातूची पकड असलेली नवी केबल शंभर रुपयांच्या आत मिळाली. ती बसवून तपासणी पुन्हा एकदा पूर्ण होऊ दिली. सी7 हा आकडा केबल बदलल्यावर शून्यावर येत नाही, तो आयुष्यभराची गणती ठेवतो. म्हणून त्या दिवशीचा आकडा मी वहीत तारखेसह लिहिला आणि महिनाभर दर सोमवारी तो ताडून पाहिला. तो एकानेही वाढला नाही आणि काळा पडदा त्यानंतर आलेला नाही.

आमच्या बाबतीत केबल निघाली, दुसरीकडे दुसरे काही निघेल. तरीही दोन उपायांविषयी मला स्पष्टपणे लिहायचे आहे, कारण ते सर्रास सुचवले जातात. रजिस्ट्रीतील, म्हणजे विंडोजच्या अंतर्गत सेटिंगांच्या साठ्यातील, ‘बूटएक्झिक्यूट’ या नोंदीतून ऑटोचेकचा उल्लेखच काढून टाकावा, हा त्यांतला एक. याने सर्वच ड्राइव्हची तपासणी कायमची बंद होते आणि पुढे खरोखर गरज पडेल तेव्हा काहीच घडत नाही. दुसरा उपाय म्हणजे सूचना आली की लगेच चेकडिस्क, म्हणजे तपासणीची आज्ञा, ‘तिरकी रेघ आर’ या पर्यायाने चालवावी. हा पर्याय संपूर्ण डिस्कची प्रत्येक जागा वाचतो, त्याला कित्येक तास लागतात, आणि तबकडी खरोखर मरणपंथाला लागली असेल तर या श्रमानेच ती शेवटचा श्वास घेऊ शकते. आधी नक्कल, मग स्मार्टच्या तीन ओळी, आणि त्यानंतरच या पर्यायाचा विचार करावा. ड्राइव्ह तपासणीतून वगळणे मला एकाच परिस्थितीत मान्य आहे: डिस्क नीट आहे याची खात्री झालेली आहे, तरी त्या दिवशी संगणक तातडीने हवा आहे. तेव्हाही ते एका दिवसापुरते असावे.

विंडोजऐवजी लिनक्स वापरणाऱ्यांचे थोडे वेगळे आहे. राजारामपुरीत राहणाऱ्या माझ्या भाच्याच्या डेस्कटॉपवर उबंटू, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, आहे आणि मे महिन्यात त्याचीही हीच तक्रार होती: “मामा, अपग्रेड केल्यापासून रोज सकाळी डिस्क तपासतोय.” लिनक्सच्या ईएक्सटी4 पद्धतीतही रोजनिशी असते. मात्र तिथे ड्राइव्ह किती वेळा जोडला गेला आणि शेवटच्या तपासणीला किती दिवस झाले, याही नोंदी सुपरब्लॉक नावाच्या जागेत असतात. पूर्वी ठराविक जोडण्यांनंतर किंवा 180 दिवसांनंतर तपासणी आपोआप होत असे. 2011 च्या अखेरीनंतर तयार केलेल्या विभागांवर, म्हणजे डिस्कच्या भागांवर, ही पाळी मुळातच बंद असते, जुन्या विभागांवर मात्र ती टिकून असते. ‘ट्यून2एफएस’ या आज्ञेला ‘वजा एल’ जोडले की या सगळ्या नोंदी दिसतात, आणि ‘वजा सी शून्य, वजा आय शून्य’ दिले की पाळी बंद होते. कोणता विभाग तपासायचा आणि कोणता नाही हे एफएसटॅब या फाइलीतल्या सहाव्या रकान्यावर अवलंबून असते: शून्य म्हणजे तपासू नये, एक म्हणजे मुख्य विभाग, दोन म्हणजे त्यानंतरचे.

भाच्याच्या संगणकावर विभाग जुना होता, पाळी चालू होती, पण 180 दिवस रोज कसे भरतील? संदेश नीट वाचल्यावर कळले, की सुपरब्लॉकमधली वेळ भविष्यातली असल्याची तक्रार आहे. पडद्याच्या कोपऱ्यातले घड्याळ तर बरोबर होते. ते बरोबर होते कारण उबंटू सुरू झाल्यावर इंटरनेटवरून वेळ घेते. डिस्कची तपासणी त्याच्या आधी होते आणि तेव्हा मदरबोर्डावरच्या घड्याळावर विसंबावे लागते. बायोसमध्ये, म्हणजे उबंटूच्याही आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डावरच्या प्रोग्राममध्ये, जाऊन पाहिले तर तिथे कित्येक वर्षांपूर्वीची तारीख होती. त्या तारखेच्या मानाने कालची प्रत्येक नोंद भविष्यातलीच ठरणार. तपासणीचा प्रोग्राम चोवीस तासांपर्यंतची तफावत चालवून घेतो, वर्षांची नाही.

मदरबोर्डावरचा सीआर2032 हा बटणासारखा सेल संपला होता. भिंतीवरच्या बोर्डाचे बटण चालू असेपर्यंत घड्याळाला मुख्य विजेवरून पुरवठा मिळतो, त्यामुळे सेल संपला तरी कळत नाही. भाच्याने अपग्रेड केले त्याच आठवड्यात वळवाचा पाऊस सुरू झाला होता, विजा कडकडू लागल्या होत्या, आणि माझी बहीण रोज रात्री झोपण्यापूर्वी संगणकाचे बोर्डाचे बटण बंद करू लागली होती. ती जे करत होती ते अगदी योग्य होते आणि ते तिने चालू ठेवावे असे मी तिला सांगितले. नवा सेल घातला, बायोसमध्ये तारीख व वेळ लावली, आणि त्या रात्री बोर्डाचे बटण बंद करून दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरी चहाला गेलो. संगणक तपासणीशिवाय सुरू झाला.